नवीन वेब प्रोजेक्ट: आधी एन्व्हायर्नमेंट, मग कोड, क्रम चुकवू नका

सबमिशन जवळ आलं की पुण्यातल्या कुठल्याही इंजिनियरिंग कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, "माझ्याकडे तर चालत होतं रे". चौघांचा ग्रुप, चार लॅपटॉप, चार वेगळी पायथन व्हर्जन्स, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सरळ पिप इन्स्टॉल, म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकायची कमांड, मारलेलं, कुठे मारलं ते कुणालाच माहीत नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे एका प्रोजेक्टची पॅकेजेस बाकी मशीनपासून वेगळी ठेवणारा फोल्डर, वापरा असं सगळे सांगतात आणि लोक वापरतातही, पण अर्धा कोड लिहून झाल्यावर, किंवा बनवतात आणि चालूच करत नाहीत, किंवा चालू करतात एका टर्मिनलमध्ये आणि प्रोजेक्ट रन करतात दुसऱ्यातून. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहिलंय. मधल्या तपासण्या टाळू नका, वेळ त्यातच वाचतो.

उदाहरणाला एक प्रोजेक्ट धरू, सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेसाठी सीट बुकिंगची साइट, मागे जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क), पुढे रिॲक्ट (ब्राउझरमधल्या पानांसाठी जावास्क्रिप्टची लायब्ररी). जँगोऐवजी फ्लास्क किंवा फास्टएपीआय वापरत असाल तरी पायऱ्या ह्याच.

कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. डॅश, डॉट, स्लॅश, स्पेस जिथे आहेत तिथेच ठेवायचे. वेन्व म्हणजे व्ही-ई-एन-व्ही ही चार अक्षरं, एन्व्हायर्नमेंट बनवणारं पायथनचं टूल. कॉपी-पेस्ट होणार नाही, हातानेच टाइप करावं लागेल, आणि खरं सांगू का, पहिल्यांदा तेच बरं, निदान आपण काय मारतोय ते तरी कळतं.

## १. तयारी: लॅपटॉपवर आधीच काय आहे ते बघा

ही पायरी सगळे उडवतात आणि नंतरचे अर्धे घोळ इथूनच येतात.

पहिलं, पायथनचं व्हर्जन. उबुंटू आणि मॅकवर

पायथन३ --व्हर्जन

विंडोजवर

पाय --लिस्ट

विंडोजवाली कमांड मशीनवर असलेले सगळे पायथन दाखवते, आणि बऱ्याच जणांना तिथेच धक्का बसतो कारण तीन-तीन पायथन पडलेले असतात, एक वेबसाइटवरून घेतलेला, एक स्टोअरमधला, एक ॲनाकोंडाबरोबर आलेला. घाबरायचं कारण नाही, काढूनही टाकू नका, फक्त आपण कुठला वापरणार ते आत्ताच ठरवा. विंडोजवर पायथन असं टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडत असेल तर सेटिंग्जमध्ये ॲप एक्झिक्युशन अलायसेस शोधा आणि तिथली पायथनची बटणं बंद करा.

दुसरं, ग्रुपने एक व्हर्जन ठरवायचं. हे का ते नीट समजून घ्या. उबुंटू २२.०४ वर पायथन ३.१० येतो, २४.०४ वर ३.१२. जँगो ६.० ला किमान ३.१२ लागतो. आता दोघांनी अगदी एकच कमांड मारली, पिप इन्स्टॉल जँगो, तर २४.०४ वाल्याकडे सहाच्या मालिकेतला जँगो येईल आणि २२.०४ वाल्याकडे पिप गुपचूप ५.२ च्या मालिकेतला आणून ठेवेल, कारण त्या पायथनवर बसणारं शेवटचं तेवढंच आहे. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. दोघंही खूश. पंधरा दिवसांनी एकाचा कोड दुसऱ्याकडे फुटतो तेव्हा कळतं. कॉलेज प्रोजेक्टसाठी माझं मत विचाराल तर पायथन ३.१२ आणि जँगो ५.२ ही जोडी घ्या, ५.२ एलटीएस (लांब काळ अपडेट मिळणारं व्हर्जन) आहे, एप्रिल २०२५ मध्ये आलंय आणि त्याचे सिक्युरिटी अपडेट एप्रिल २०२८ पर्यंत येणार आहेत. २२.०४ वाल्याने मग ३.१२ वेगळा टाकून घ्यावा, नाहीतर सगळ्यांनीच ३.१० वर राहावं, ५.२ त्यावरही चालतं. काहीही करा पण चौघांनी एकच करा.

तिसरं, उबुंटूवर वेन्व वेगळं टाकावं लागतं, पायथनबरोबर पूर्ण येत नाही:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-वेन्व

सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणं, ॲप्ट म्हणजे उबुंटूचं सॉफ्टवेअर टाकणारं टूल. ह्या लेखात सुडो फक्त ॲप्टच्या पुढे आहे. पिपच्या पुढे सुडो कधीही नाही, कारण खाली येईलच.

चौथं, जागा. विंडोजवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बऱ्याचदा वनड्राइव्हमध्ये सिंक होत असतात. एन्व्हायर्नमेंटमध्ये हजारो बारीक फाइल असतात, त्या सगळ्या तो क्लाउडवर ढकलत बसतो, मध्येच फाइल लॉक करतो, आणि रूमवरचं वायफाय आधीच चौघांत वाटलेलं. सी ड्राइव्हमध्ये प्रोजेक्ट्स नावाचा साधा फोल्डर करा आणि तिथे काम करा. नावात स्पेस नको, देवनागरी नको, "फायनल नवीन खरंच फायनल" वगैरे तर नकोच. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरत असाल तर प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्सकडून उघडला की जाम स्लो होतो.

तपासणी: प्रॉम्प्टच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये जिथे टाइप करतो त्या ओळीच्या, सुरुवातीला कंसात बेस असं दिसतंय का? म्हणजे ॲनाकोंडा आपणहून चालू होतोय. डेटा सायन्सच्या विषयासाठी टाकलेला असतो तो. वेब प्रोजेक्टसाठी आधी कोंडा डीॲक्टिव्हेट मारा आणि मगच पुढे या, नाहीतर एकावर एक दोन एन्व्हायर्नमेंट चढतात आणि कुठलं पॅकेज कुठून येतंय ते कळेनासं होतं.

## २. फोल्डर आणि एन्व्हायर्नमेंट

आधी प्रोजेक्टचा फोल्डर, त्यात जा, मग आत एन्व्हायर्नमेंट. उबुंटू-मॅकवर

एमकेडीआयआर अभ्यासिका
सीडी अभ्यासिका
पायथन३ -एम वेन्व .वेन्व

विंडोजवर शेवटची ओळ अशी:

पाय -३.१२ -एम वेन्व .वेन्व

विंडोजवर व्हर्जन इथे स्पष्ट सांगायचं म्हणजे तीन पायथनांपैकी नेमका कुठला ते आपण ठरवतो, मशीन नाही. उबुंटूवर ३.१२ वेगळा टाकला असेल तर पायथन३ च्या जागी पायथन३.१२ लिहा.

शेवटचं डॉट वेन्व हे फोल्डरचं नाव. माय-एन्व्ह, टेस्ट-एन्व्ह, स्वतःचं नाव असलं काही ठेवू नका. डॉट वेन्वच ठेवा, एडिटर ते आपोआप ओळखतो आणि दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये गेलात तरी विचार करावा लागत नाही.

एका प्रोजेक्टला एक एन्व्हायर्नमेंट. सगळ्या प्रोजेक्टना मिळून होम फोल्डरमध्ये एकच मोठं बनवून ठेवणारे लोक मी पाहिलेत, जागा वाचते म्हणतात. ते म्हणजे पीजीमधला कॉमन फ्रीज, कुणी काय ठेवलं आणि कुणाचं कधी खराब झालं कुणीच सांगू शकत नाही.

सावधान: एन्व्हायर्नमेंट बनवल्यानंतर प्रोजेक्ट फोल्डरचं नाव बदलू नका, जागा हलवू नका. आतल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ (फोल्डरचा पत्ता) लिहिलेला असतो. लिनक्सवर नाव बदललं तर गंमत अशी होते की ॲक्टिव्हेट केल्यावर प्रॉम्प्टवर कंसात वेन्व दिसतं, पण पाथ जुन्या, आता अस्तित्वातच नसलेल्या फोल्डरकडे जातो, मग तुम्ही सिस्टिमच्या पायथनवर काम करत बसता आणि पत्ताही लागत नाही. विंडोजवर पिप मारल्यावर फेटल एरर इन लाँचर आलं तर बहुतेक हेच झालंय. हलवायचंच असेल तर हलवा, पण डॉट वेन्व उडवून नवीन बनवा. दुरुस्त करत बसू नका.

## ३. चालू करणं आणि चालू झालंय का ते बघणं

उबुंटू-मॅक:

सोर्स .वेन्व/बिन/ॲक्टिव्हेट

विंडोज:

.वेन्व\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट

सोर्स हा शब्द लिनक्सवर विसरू नका, त्याच्याशिवाय परमिशन डिनाइड येतं, आणि मग लोक चमोड मारून फाइल एक्झिक्युटेबल करतात, ती चालतेही पण वेगळ्या शेलमध्ये चालून संपते आणि तुमच्या टर्मिनलमध्ये काहीच बदलत नाही.

पॉवरशेलमध्ये लाल अक्षरांत रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड आलं तर एकदाच हे मारा:

सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयुजर रिमोटसाइन्ड

हे फक्त तुमच्या युजरपुरतं होतं, ॲडमिन लागत नाही. नेटवर त्याच्या जागी अनरिस्ट्रिक्टेड लिहिलेलं सापडेल, ते नको, एवढ्यासाठी सगळी दारं उघडायची काही गरज नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर पॉलिसी लॉक असेल तर पॉवरशेल सोडा आणि साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा, तिथे ही अडचण येत नाही.

तपासणी, आणि ही दर वेळी करा:

पायथन -एम पिप --व्हर्जन

उत्तरात एक लांबलचक पाथ येतो. त्या पाथमध्ये तुमच्या प्रोजेक्टचं नाव आणि डॉट वेन्व दिसलं पाहिजे, शेवटी पायथनचं व्हर्जनही येतं ते ठरलेलं असलं पाहिजे. प्रॉम्प्टवर कंसात नाव दिसतंय म्हणून विश्वास ठेवू नका, वरचं फोल्डरचं नाव बदलण्याचं प्रकरण आठवा. पाथ बघा.

नवीन टर्मिनल उघडलं की पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागतं, लॅपटॉप बंद करून चालू केला तरी पुन्हा. लाइट जाऊन डेस्कटॉप बंद पडला, परत आला, घाईघाईत सर्व्हर चालू केला आणि नो मॉड्यूल नेम्ड जँगो. काही उडालेलं नसतं, फक्त ॲक्टिव्हेट करायचं राहिलेलं असतं. इथे घाबरून परत पिप इन्स्टॉल मारू नका, तीच तर चूक, सगळं सिस्टिममध्ये जाऊन बसतं.

## ४. पॅकेज टाकणं

आता कुठे पिपची पाळी.

पायथन -एम पिप इन्स्टॉल "जँगो~=५.२.०"

नुसतं पिप न लिहिता पायथन -एम पिप लिहायची सवय लावा, म्हणजे जो पायथन चालतोय त्याचाच पिप वापरला जातो ह्याची खात्री. तिथलं वळण-बरोबरचं चिन्ह म्हणजे ५.२ च्या मालिकेतलं सगळ्यात नवीन घे पण ५.३ किंवा ६ वर जाऊ नकोस. अवतरण चिन्हं ठेवा, शेल कधीकधी असल्या चिन्हांचा भलताच अर्थ लावतो.

एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट अशी एरर आली तर समजा ॲक्टिव्हेट झालेलं नाही. उबुंटू २४.०४, डेबियन १२, मॅकवर होमब्रूचा पायथन, हे सगळे आता सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला हात लावू देत नाहीत, कारण उबुंटूची स्वतःची कितीतरी टूल्स त्याच पायथनवर चालतात. एररच्या शेवटी ब्रेक सिस्टिम पॅकेजेस असा एक ऑप्शन दिसतो आणि लोक तो उचलून चिकटवतात. नावातच ब्रेक आहे हो! तो वापरू नका. मागे जा, पायरी ३ करा, पाथ बघा.

सुडो पिप का नाही? सुडो लावला की साधारणपणे रूटचा पाथ लागतो, तुमचं एन्व्हायर्नमेंट चालू असलं तरी पॅकेज सिस्टिमकडे जातं. परमिशनची एरर येत असेल तर ती खूण आहे की तुम्ही चुकीच्या जागी टाकताय, जोर लावायची ती जागा नव्हे.

एक मर्यादा समजून घ्या, कारण इथे लोक एन्व्हायर्नमेंटला शिव्या घालतात. ते फक्त पायथनची पॅकेजेस वेगळी ठेवतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररी, डेटाबेस, सी कंपायलर ह्यांच्याशी त्याचा संबंध नाही. मायएसक्यूएलसाठी मायएसक्यूएलक्लायंट टाकताना उबुंटूवर भलीमोठी एरर येते, ती हेडर फाइल नसल्याची असते, त्या ॲप्टनेच आणाव्या लागतात: बिल्ड-इसेन्शियल, पीकेजी-कॉन्फिग, पायथन३-डेव्ह आणि डिफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह. पोस्टग्रेससाठी सायकोपीजी२-बायनरी घेतलं तर प्रोजेक्टपुरता हा त्रास वाचतो.

## ५. काय टाकलं त्याची नोंद

पॅकेज टाकलं की लगेच नोंद. रात्री करू, सबमिशनच्या आधी करू, असं नाही.

पायथन -एम पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

फाइल उघडून वाचा. फक्त जँगो टाकलंय तर ॲसजीआरईएफ, एसक्यूएलपार्स आणि जँगो एवढंच दिसायला हवं, विंडोजवर त्यात टीझेडडेटाची भर, पायथन ३.१० वर टायपिंग_एक्सटेन्शन्सचीही. त्याऐवजी पन्नास-शंभर ओळी असतील, नमपाय, पांडाज, ज्युपिटर असली मंडळी दिसत असतील तर तुम्ही सिस्टिमचं किंवा ॲनाकोंडाचं फ्रीझ केलंय. ओळींमध्ये ॲट चिन्हापुढे फाइल, कोलन, स्लॅश असले पाथ दिसले तरी कोंडाचाच प्रकार, तो पाथ फक्त तुमच्या मशीनवर काय तो समजतो, दुसऱ्याकडे ही फाइल चालणारच नाही. फाइल हाताने साफ करू नका, पायरी ३ पासून परत या.

विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमधून ही कमांड मारली तर फाइल यूटीएफ-१६ मध्ये सेव्ह होते. दिसायला ठीक दिसते, पण गिट (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) तिला बायनरी समजतो आणि काय बदललं ते दाखवत नाही. व्हीएस कोडमध्ये खाली उजवीकडे एन्कोडिंग दिसतं, तिथून यूटीएफ-८ करून सेव्ह करा, किंवा फ्रीझ कमांड प्रॉम्प्टमधून मारा.

थोडा मोठा प्रोजेक्ट असेल तर मी दोन फाइल ठेवायला सांगेन. एकीत आपण स्वतः मागितलेली पॅकेजेस हाताने लिहायची, पाच-सहा ओळी, दुसरी फ्रीझची. सहा महिन्यांनी अपग्रेड करायची वेळ आली की कुठलं आपल्याला हवं होतं आणि कुठलं त्याच्यामागून आलं हे पहिलीतून कळतं, फ्रीझच्या ढिगात ते कळत नाही.

## ६. गिट: पहिल्या कमिटच्या आधी

गिट इनिट मारा आणि ॲड करायच्या आधी डॉट गिटइग्नोर नावाची फाइल करा. त्यात एवढं तरी हवं:

.वेन्व/
__पायकॅश__/
.एन्व्ह
डीबी.एसक्यूलाइट३
नोड_मॉड्यूल्स/

पायथन ३.१३ पासून वेन्व स्वतःच आत एक गिटइग्नोर टाकून ठेवतो, पण ग्रुपमध्ये कुणाकडे जुना असतोच, म्हणून आपली फाइल हवीच.

डॉट वेन्व आणि डॉट एन्व्ह ह्यांत एका अक्षराचा फरक आणि दोन्हींचा काहीही संबंध नाही. दुसऱ्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड, जँगोची सिक्रेट की असलं ठेवतात. ती कुणालाही द्यायची नाही, पण तिच्यात कुठली नावं लागतात ते दाखवणारी एक रिकामी नमुना फाइल मात्र गिटमध्ये ठेवा, नाहीतर मित्र फोन करकरून डोकं खाईल.

एन्व्हायर्नमेंट आधीच कमिट झालं असेल तर:

गिट आरएम -आर --कॅश्ड .वेन्व

ह्याने गिटमधून निघतं, डिस्कवर राहतं. सिक्रेट की कमिट होऊन गिटहबवर गेली असेल तर मात्र फाइल काढून उपयोग नाही, इतिहासात ती राहतेच, की बदला.

## ७. एडिटरला सांगा

टर्मिनलमध्ये सगळं चालतंय पण व्हीएस कोडमध्ये जँगोच्या खाली पिवळी रेघ, हे फार कॉमन. एडिटर वेगळा पायथन वापरतोय. कंट्रोल शिफ्ट पी दाबा, पायथन: सिलेक्ट इंटरप्रीटर शोधा, डॉट वेन्व असलेला निवडा. प्रोजेक्टचा फोल्डर उघडायचा, त्याच्या वरचा नाही आणि आतली एक सुटी फाइलही नाही, तरच तो दिसतो. निवडल्यावर जुनं टर्मिनल बंद करून नवीन उघडा.

## ८. मोडून परत बांधा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि करतं कुणी नाही. कोड लिहायला बसायच्या आधी, जँगोचा रिकामा प्रोजेक्ट तयार झाल्या-झाल्या, एन्व्हायर्नमेंट डिलीट करा. हो, मुद्दाम. सेव्ह केलेलं काही त्यात नसतंच, नसायलाच हवं. आपला एखादा कोड किंवा टेम्प्लेट डॉट वेन्वच्या आत ठेवला असेल तर तो आत्ताच बाहेर काढा.

डीॲक्टिव्हेट
मग डॉट वेन्व फोल्डर उडवा
मग पायरी २ आणि ३ परत
पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी
पायथन -एम पिप चेक
पायथन मॅनेज.पाय चेक
पायथन मॅनेज.पाय रनसर्व्हर

पिप चेक म्हणजे पॅकेजांचं आपापसात पटतंय का ते, मॅनेज डॉट पाय चेक म्हणजे जँगोला सेटिंग्ज मान्य आहेत का ते. दोन्ही शांतपणे पास झाले आणि ब्राउझरमध्ये पान उघडलं तर तुमचं रिक्वायरमेंट्स खरं. कुठे अडलं तर आत्ता अडलं, दहा मिनिटांचं काम. हेच एक्सटर्नल परीक्षकासमोर अडलं तर काय होतं ते सांगायला नको. नवीन पॅकेज टाकाल तेव्हा दर वेळी नाही पण अधूनमधून हे करत जा.

पोर्ट ऑलरेडी इन यूज आलं तर दुसऱ्या टर्मिनलमध्ये जुना सर्व्हर अजून चालूय. तो बंद करा, पोर्ट बदलून पुढे जाऊ नका, नाहीतर ब्राउझरमध्ये जुन्या सर्व्हरचं पान बघत बसाल आणि म्हणाल बदल दिसतच नाहीयेत.

## ९. ग्रुपमधल्या दुसऱ्याला देताना

पेनड्राइव्हवर पूर्ण फोल्डर झिप करून देऊ नका. विंडोजचं एन्व्हायर्नमेंट उबुंटूवर चालत नाही, एकाच लॅपटॉपवर विंडोजमध्ये बनवलेलं डब्ल्यूएसएलमध्येसुद्धा चालत नाही, आतल्या फोल्डरांची नावंच वेगळी असतात. गिटवरून क्लोन, स्वतःचं वेन्व, रिक्वायरमेंट्समधून इन्स्टॉल, एवढंच. एकाच्या फ्रीझमध्ये पायविन३२ सारखं फक्त विंडोजचं पॅकेज आलं असेल तर ते लिनक्सवाल्याकडे अडेल, ते खरंच लागतंय का बघा, बहुतेक वेळा नसतं लागत.

लॅबमध्ये इंटरनेट बंद किंवा प्रॉक्सी असते, आणि प्रात्यक्षिक तिथल्याच पीसीवर द्यायचं असतं. त्याची सोय घरून करून न्या:

पायथन -एम पिप डाउनलोड -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी -डी व्हील्स

हा व्हील्स फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, लॅबमध्ये वेन्व बनवा, ॲक्टिव्हेट करा आणि

पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=व्हील्स -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

नेट अजिबात लागत नाही, ॲडमिनचा पासवर्डही नाही. अट एकच, डाउनलोड करताना आणि लॅबमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनचं व्हर्जन सारखं हवं. आदल्या आठवड्यात लॅबमध्ये जाऊन व्हर्जन बघून या, लॅब असिस्टंटशी दोन शब्द गोड बोलून ठेवा.

## १०. फ्रंटएंडवाल्यांसाठी

नोडमध्ये (रिॲक्टच्या कामाला लागतं ते, ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) पॅकेजेस मुळातच प्रोजेक्टच्या आत, नोड मॉड्यूल्समध्ये जातात, त्यामुळे ॲक्टिव्हेट वगैरे भानगड नाही. घोळ दोनच ठिकाणी. नोडचं व्हर्जन, त्यासाठी एनव्हीएम (नोडची व्हर्जन्स सांभाळणारं टूल) वापरा आणि प्रोजेक्टमध्ये डॉट एनव्हीएमआरसी फाइलमध्ये आकडा लिहून ठेवा, २२ किंवा २४ असं एलटीएस घ्या. १८ अजून चालवत असाल तर त्याचा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्येच संपलाय.

दुसरा घोळ लॉक फाइलचा, म्हणजे टाकलेल्या पॅकेजांची नेमकी व्हर्जन्स लिहिलेल्या फाइलचा. पॅकेज-लॉक डॉट जेसन ही गिटमध्ये ठेवायची असते, इग्नोर करायची नसते. नवीन पॅकेज टाकताना एनपीएम इन्स्टॉल, पण दुसऱ्याचा प्रोजेक्ट उचलताना एनपीएम सीआय. सीआय आधीचं नोड मॉड्यूल्स उडवतो आणि लॉकमध्ये आहे अगदी तेच टाकतो, लॉक फाइल आणि पॅकेज डॉट जेसन जुळत नसतील तर सरळ एरर देतो. एकाने एनपीएम आणि दुसऱ्याने यार्न (त्याच कामाचं दुसरं टूल), असं एकाच प्रोजेक्टमध्ये करू नका.

## ११. डॉकर हवं का? आणि यूव्ही?

सगळ्यांनाच लगेच डॉकर (ॲप किंवा डेटाबेस वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल) करायचं असतं, रेझ्युमेवर चांगलं दिसतं. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज, डॉकर डेस्कटॉप, क्रोम आणि व्हीएस कोड एकदम चालवून बघा म्हणजे कळेल. मी सांगेन की डेटाबेसपुरतं डॉकर वापरा, पोस्टग्रेस आत, कोड बाहेर वेन्वमध्ये. इमेज घेताना लेटेस्ट लिहू नका, व्हर्जनचा आकडा लिहा, नाहीतर पायरी १ मधलाच जँगोचा तमाशा डेटाबेसमध्ये होईल. पूर्ण ॲप आत घालायचं ठरवलंच तर डॉट डॉकरइग्नोरमध्ये डॉट वेन्व टाका, आणि रनसर्व्हरला ०.०.०.०:८००० हा पत्ता द्या, नाहीतर कंटेनर चालू दिसेल पण बाहेरून पान उघडणार नाही.

यूव्ही (पिप आणि वेन्व दोन्हींचं काम करणारं टूल) खूप फास्ट आहे, एन्व्हायर्नमेंट स्वतः बनवतो, लॉक फाइलही ठेवतो. वापरा, पण वरचं सगळं एकदा हाताने केल्यावर. एक खाच लक्षात ठेवा, यूव्हीने बनवलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप मुळात नसतो. सवयीने नुसतं पिप इन्स्टॉल मारलंत तर सिस्टिमचा पिप उचलला जाऊ शकतो. तिथे यूव्ही पिप इन्स्टॉल किंवा यूव्ही ॲड, आणि ग्रुपमध्ये सगळ्यांनी यूव्ही नाहीतर कुणीच नाही.

## १२. सर्व्हरवर टाकताना

सर्व्हरवरही एन्व्हायर्नमेंट तिथेच नव्याने बनवायचं, लॅपटॉपवरून कॉपी करायचं नाही. आणि तिथे ॲक्टिव्हेटच्या भरवशावर राहू नका. सिस्टिमडीच्या (सर्व्हरवर प्रोग्रॅम चालू ठेवणारं टूल) सर्व्हिस फाइलमध्ये किंवा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारं टूल) तुमचं टर्मिनल नसतंच, त्यामुळे पूर्ण पाथ लिहा:

/होम/युजर/अभ्यासिका/.वेन्व/बिन/पायथन

असा पाथ दिला की ॲक्टिव्हेटची गरजच पडत नाही, तो पायथन आपल्या एन्व्हायर्नमेंटमधलीच पॅकेजेस उचलतो. गनिकॉर्नचंही (सर्व्हरवर जँगो चालवणारा प्रोग्रॅम) तसंच, बिनमधलाच गनिकॉर्न, पूर्ण पाथने. हाताने मारल्यावर चालतं पण क्रॉनमध्ये रात्रीचं बुकिंग साफ करणारं काम चालत नाही अशी तक्रार असेल तर आधी ही ओळ बघा, कोड नंतर उघडा.